एक पत्ता पुरे

मिनिटं मोजून मिळाली आहेत, तेव्हा टॅरो म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडात हल्ली भिशीला जा, नाहीतर कुणाच्या हळदीकुंकवाला जा, चहा झाला की एखादीच्या पर्समधून टॅरोच्या पत्त्यांची गड्डी निघतेच. मला सांगायचंय ते एवढंच: सकाळी एक पत्ता काढा, पाच मिनिटं त्याच्यासमोर गप्प बसा, आणि दुसरा काढू नका.

हसताय ना? "अगंबाई, तलवारी आल्या, थांब, परत काढते," हे काय मी कमी वेळा ऐकलंय? ग्रीन कार्डाची तारीख कधी पुढे सरकेल, लेकाला ऑस्टिनच्या विद्यापीठात प्रवेश मिळेल का, हे त्या पत्त्यांना काय ठाऊक! पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते रंगवले गेले ते खेळण्यासाठी. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांचे सोनेरी वर्खाचे पत्ते आजही जपून ठेवलेले आहेत. १७८१ मध्ये कूर द जेबेलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने छापून टाकलं, की ही प्राचीन इजिप्तची गुप्त विद्या. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती! शांपोलियोंने ती उलगडली १८२२ मध्ये. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच घ्या. एकशे वीस गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. दिवसा रामाकडून डाव सुरू होतो, रात्री कृष्णाकडून. किती देखणा खेळ! त्यावरून कुणी लग्नाचा मुहूर्त काढलेला माझ्या तरी ऐकिवात नाही.

मग पत्ता काढायचाच कशाला? तर विरजण म्हणून. दूध तुमचं असतं, विरजण चमचाभर. पत्ता हे विरजण. भांडण होऊन डोकं तापलंय तेव्हा काढू नका, उकळत्या दुधाला कुणी विरजण लावतं का? मन अगदी गारठलेलं असेल तरी लागत नाही. इथल्या एसीत आपण रात्री ओव्हनचा दिवा लावून आत पातेलं ठेवतो की नाही, तशी थोडी ऊब लागते. आणि एकदा लावलं की ढवळायचं नाही! दुसरा पत्ता, तिसरा पत्ता म्हणजे दर तासाला उठून पळी घालणं. दही लागणार कसं? आता, दह्याला कालच्या दह्यातलं विरजण लागतं आणि इथे रोज नवा पत्ता, हे मान्य. असो.

चित्राकडे मात्र नीट बघा. १९०९ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या ज्या गड्डीवरून आजच्या बहुतेक गड्ड्या बेतल्या आहेत, तिची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. पैसे थोडकेच मिळाले आणि गड्डीला नाव कित्येक वर्षं दुसऱ्यांचंच चाललं. त्याआधीच्या बहुतेक गड्ड्यांत साध्या पत्त्यांवर नुसते पेले, नुसत्या तलवारी. या बाईंनी तिथे माणसं आणली. चार पेल्यांचा पत्ता आठवा. झाडाखाली हाताची घडी घालून एकजण बसलाय, समोर तीन पेले, ढगातून एक हात चौथा पुढे करतोय आणि हा बघतच नाही. एकीला वाटतं ध्यानाला बसलाय, दुसरीला वाटतं रुसलाय. तुम्हाला जे वाटतं ते वहीत लिहा. दोनच ओळी, मराठीत. पत्त्यांबरोबर मिळणारं पुस्तक उघडू नका.

मुलं कॉलेजला गेली, नोकरी सुटली, किंवा लेकाकडे राहायला आलोय आणि गाडी येत नाही, "आता मी कशासाठी?" हा प्रश्न इथे घरोघरी आहे, फक्त बोलत कुणी नाही. त्याचं उत्तर एका सकाळी मिळत नाही. महिनाभराने वही वाचा. पत्ते रोज वेगळे, पण तुमचा एखादा शब्द पुन्हापुन्हा आलेला दिसेल. शिकवणं, बाग, कुणाचा तरी राग, काहीही. पेले आले काय नि तलवारी आल्या काय, तो शब्द तुमचाच. आणि तो दिसायचा तर नावडते पत्तेही वहीत हवेत, म्हणून पुन्हा सांगते, दुसरा काढू नका. तेराव्या पत्त्याला, मृत्यूच्या, सगळ्या दचकतात. अहो, घोड्यावरच्या त्या सांगाड्याच्या मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे, तो बघण्याआधीच पत्ता गड्डीत परत जातो!

गंजिफा घेऊनही हे करता येईल, असं मला फार दिवस वाटतंय. समजा वामनाचा पत्ता आला. तीन पावलं जमीन मागणारा. तो समोर ठेवून आपण स्वतःला विचारलं, की मला नक्की किती हवंय, तर... स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय, वेळ संपली वाटतं.