दहा रुपयांचं पाकीट आणि मोहाचे लाडू

आज मागे जो आवाज येतोय ना, तो पावसाचा आहे. हेमलकशात माझ्या खोलीच्या पत्र्यावर तो सकाळपासून वाजतोय. सांभाळून घ्या.

विषय खाण्याचा. जेवणाचा नाही; संध्याकाळी पाच वाजता पोटात जे कुरकुरतं त्याचा.

हेमलकसा म्हटलं की तुम्हाला बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प आठवणार, प्रकाशभाऊ आणि मंदाताई आठवणार. मी मात्र इथे भाड्याने राहणारी साधी नोकरदार मुलगी. बाजार भामरागडला, जवळच, पण मध्ये पर्लकोटा नदी. पुलावरून पाणी गेलं की बाजार बंद. आलापल्लीकडच्या रस्त्यावरचे नाले भरले की तिकडूनही बंद.

पहिल्या वर्षी मी रोज दोन पाकिटं कुरकुरीत काहीतरी खायचे. दहा-दहाची. महिन्याचे सहाशे रुपये. पाकीट उलटं करून वजन बघा कधी. समजा वीस ग्रॅम असेल, तर किलोला पाचशे रुपये झाले! पाचशे रुपये किलोने मी पामतेल, मीठ आणि हवा खात होते. त्याच महिन्यात आईला पाठवायचे पैसे कमी पडले. मी तिला सांगितलं, पगार उशिरा झाला. पगार वेळेवर झाला होता.

मग पूर आला. चार दिवस पूल पाण्याखाली. दुकानातली पाकिटं दुसऱ्याच दिवशी संपली. शेजारच्या माडिया मावशीने वाटीभर काहीतरी काळपट आणून दिलं. भाजलेली मोहाची फुलं, तिळात कुटलेली. एक घास खाल्ला आणि मला एकदम नागपूरचं होस्टेल आठवलं.

तिथे आई मोहाचे लाडू पाठवायची. पोरी हसायच्या, "दारूचे लाडू आले!" मीही हसले त्यांच्यासोबत. डबा कपाटात लपवला, आणि आईला फोनवर म्हणाले की आता नको पाठवू, इथे सगळं मिळतं. तिने पाठवणं बंद केलं.

बरं, करायचे कसे ते सांगते. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात, बायका-पोरं वेचून वाळवतात. वाळलेल्या फुलांतले पुंकेसर चोळून काढा, खडे-माती निवडा. मंद आचेवर कढईत हलवत राहा. फुलं तांबूस झाली की उतरवा, गार झाल्यावरच ती कडक होतात. घाई केली तर जळतात आणि कडू लागतात (मी दोनदा जाळली). तीळ नाहीतर जवस वेगळे भाजा. दोन्ही उखळात कुटा, गरम असतानाच वळा. साखर नाही, गूळ नाही. फुलातच इतकी गोडी आहे की लाडू आपोआप बांधला जातो.

पुण्या-मुंबईत मोह नाही मिळणार, मान्य. मग मुरमुरे घ्या. दोन चमचे तेलात मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे, हळद. मुरमुरे आधी कोरडे भाजून घ्या, मिरचीतलं पाणी पूर्ण उडू द्या, नाहीतर चिवडा रात्रीतून सादळतो. सादळलाच तर फेकू नका, गरम कढईत पाच मिनिटं परतला की पुन्हा कुरकुरीत. आणि डबा चांगला घट्ट झाकणाचा घ्या. खर्च करायचाच तर तिथे करा.

पाकीट मी सोडलं का? नाही हो. परवाच खाल्लं. पण आता कधीतरी.

त्या पुरानंतर नेटवर्क आलं तेव्हा मी आईला फोन केला. म्हटलं, लाडवांचं माप सांग.

ती म्हणाली, "मोजून कोण करते वं? अन् तुले तर नको होते ना?"

मग मी होस्टेलचं सांगितलं. पगाराचंही सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग म्हणाली, "रस्ता सुरू झाला का एसटीच्या कंडक्टरजवळ डबा देते. धुवून वापस पाठवजो."

तो डबा आत्ता समोर आहे. तीन लाडू उरलेत, आणि बाहेर पाणी पुन्हा चढतंय. चला, लाइट जायच्या आत हा भाग अपलोड करते.