बैठक क्रमांकाला आडनाव नसतं

(वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावी-बारावीची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यापुढे केलेलं भाषण)



2021 साली दहावीचा निकाल 99.95 टक्के लागला. 16 जुलैला बोर्डाची वेबसाइट तासन्‌तास कोलमडली, आणि पांढरपेशा घरांतून हाकाटी उठली : फुकटे पास झाले, कोरोना बॅच, गुणवत्ता मेली. आपल्या गल्लीत पेढे वाटले गेले. हाकाटी करणाऱ्यांनी विचारलं नाही आणि पेढे खाणाऱ्यांनीही विचारलं नाही, की बाबांनो, पेपरच झाला नाही, तर हे मार्क आले कुठून?

तर कुठून आले ते ऐका. 28 मे 2021 च्या सरकारी निर्णयात हिशेब मांडलेला आहे. शंभरापैकी तीस मार्क दहावीच्या वर्षात शाळेने घेतलेल्या लेखी कामाचे. वीस मार्क तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत. आणि उरलेले पन्नास नववीच्या निकालाचे. म्हणजे दहावीचं अर्धं सर्टिफिकेट नववीतल्या पोराने भरलेलं. आणि ही नववी कुठली? 2019-20 ची. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नाही. पहिल्या सत्रावर आणि अंतर्गत कामावर निकाल लावून मोकळे झाले. अर्ध्या नववीवर अर्धी दहावी. हा सालाचा गणिती चमत्कार!

आता आपल्या पोरांची नववी कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. नववीत पोरगं वडापावच्या गाडीवर असतं, पोरगी धाकट्याला सांभाळते. 'दहावीला बघू' हे आपल्या घराघरातलं वाक्य आहे. दिवाळीनंतर पोरगं अभ्यासिकेत येतं, एकवीस अपेक्षित विकत घेतं नाहीतर कुणाचं मागून आणतं, रात्र रात्र बसतं आणि शेवटच्या चार महिन्यांत वर्षाची उधारी फेडतं. बोर्डाचा पेपर हा त्याचा एकच डाव. या सूत्राने तो डाव खेळायच्या आधीच मोडला. चौदाव्या वर्षी जिथे होतास तिथेच थांब, असं त्याला सांगितलं. ज्याला पाचवीपासून क्लास आहे त्याचं काय बिघडलं? त्याची नववी तयारच होती.

दहावीचे तीस मार्क तरी कसले? वर्ष सगळं मोबाइलवर. आमच्या बाजूच्या खोलीत एक फोन आणि तीन भावंडं. फोन बापाचा, बाप सकाळी कामावर जायचा, फोन त्याच्या खिशात. रात्री आठला तो आला की दहावीवाली आधी बसायची, मग सातवीवाला. तोवर सरांनी टाकलेला व्हिडिओ उघडायला डेटा संपलेला. असल्या वर्षाचे तीस मार्क.

पण माझं खरं भांडण त्या वीस मार्कांशी आहे.

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर तुमचं नाव नसतं. बैठक क्रमांक असतो, बारकोड असतो. तपासणाऱ्या बाईला कळत नाही की हा पेपर कांबळ्याचा की कुलकर्ण्याचा, पोरगं चाळीतलं की टॉवरमधलं. मला या परीक्षेचं प्रेम नाही. घोकंपट्टीची ती जत्रा आहे, आणि तिच्यात आपली किती पोरं गळाली ते मी पाहिलंय. पण सगळ्या शाळकरी आयुष्यात तीन तास असे येतात की तुमचं आडनाव बाहेर बाकावर ठेवून तुम्ही आत बसता. 2021 साली ते तीन तास गेले. उरलं ते वर्गातलं हजेरीपत्रक, आणि त्यात आडनाव पहिलं येतं.

कोणी म्हणेल, हा पुन्हा जात काढतोय. मी काढत नाही, मोजून झालेली आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2012 साली एक अभ्यास छापला. भारतातल्या एका शहरात त्यांनी शिक्षकांना पेपर तपासायला दिले आणि पेपरांवर जात, वय, मुलगा की मुलगी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटेल तसं चिकटवलं. 'खालची' जात चिकटलेल्या पेपरांना मार्क कमी पडले. फार नाही, थोडेच, पण पडले. आणि आता कान उघडे ठेवून ऐका, कारण हे आपल्यालाच झोंबणारं आहे : ही काटछाट मुख्यतः खालच्या जातींतल्या शिक्षकांच्या हातून झाली होती. म्हणजे आपला सर वर्गात आला की आपलं भलं झालं, असं मानून झोपी जाऊ नका.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या कोणी मला खोटा पाडेल. 2019 साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हेच अंतर्गत वीस मार्क काढून टाकले होते. निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून एकदम 77.10 टक्क्यांवर आपटला. 2020 साली ते परत दिले, निकाल 95.30. पस्तिशीच्या काठावरच्या पोराला या वीस मार्कांनी हात दिला, आणि ती पोरं बहुतेक आपलीच. पास व्हायला ते उपयोगी आहेत. पण ज्या वर्षी सगळेच पास होतात त्या वर्षी पास असण्याला किंमत काय? 2021 ला शंभर टक्केवाले 957 निघाले, नव्वदच्या वरचे लाखाच्या वर. त्या गर्दीत एकेका मार्कावर कॉलेज ठरतं, आणि तो एक मार्क कुणाच्या हातात होता ते वर सांगितलंच.

ही खोड फक्त इथल्या मातीतली नाही. इंग्लंडात 2020 साली बारावीसारखी तिकडची जी ए-लेव्हल, तिच्या परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी ग्रेड सुचवले, मुलांचा वर्गातला क्रम लावून दिला, आणि ऑफक्वाल नावाच्या सरकारी नियामकाने ते एका संगणकी सूत्रातून काढले. ते सूत्र बघायचं काय? तुझ्या शाळेचा मागच्या तीन वर्षांचा निकाल. तुझ्या शाळेत कोणी पहिल्या दर्जात आलं नसेल तर तूही येणार नाहीस. पूर्वजांची कर्मं, दुसरं काय! आपल्याकडे याला मनू लागला, तिकडे संगणक पुरला. 13 ऑगस्टला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्यांपैकी सुमारे 39 टक्के ग्रेड खाली ओढलेले. आणि ज्या वर्गात पाचच्या आत मुलं, तिथे सूत्र बाजूला, शिक्षकाचा ग्रेड जसाच्या तसा. एवढे छोटे वर्ग कुणाला परवडतात? वरच्या ग्रेडांत खाजगी शाळांची वाढ 4.7 टक्के बिंदूंची, साध्या सरकारी शाळांची 2. पोरं लंडनच्या रस्त्यावर आली, सूत्राच्या नावाने शिव्या देत. चार दिवसांत, 17 ऑगस्टला, सरकारला ते सूत्र गुंडाळावं लागलं. पण तोवर कित्येकांच्या विद्यापीठातल्या जागा हातच्या गेल्या होत्या. ग्रेड परत मिळाला, त्यांतल्या काहींना पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं.

आपल्याकडे अकरावीसाठी वेगळीच शक्कल निघाली. 21 ऑगस्ट 2021 ला शंभर मार्कांची सीईटी. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, पंचवीस-पंचवीस. देणं ऐच्छिक, पण देणाऱ्यांना जागा आधी. म्हणजे ऐच्छिक कसली! 10 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सरकारला असा निर्णय काढायचा अधिकार नाही, आणि साथ चालू असताना मुलांना केंद्रांवर ओढणं बरोबर नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. आपल्यातल्या पुष्कळांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही. कारण सीईटी गेल्यावर प्रवेश लागले ते त्याच नववीच्या मार्कांवर. एक बंद खोलीतला हिशेब कायम झाला, उघड्यावरची झुंज गेली. साथीचा धोका खरा होता, हे मला मान्य आहे. पण सूत्र बदलून मागायला आपण कोर्टात गेलो नाही.

31 जानेवारी 2022 ला पोरं रस्त्यावर आली ती धारावीत, शिक्षणमंत्री वर्षा गायकवाडांच्या घरासमोर. मागणी काय, तर परीक्षा ऑनलाइन घ्या. हाक कुणाची, तर इन्स्टाग्रामवरच्या हिंदुस्तानी भाऊची. पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या त्या पोरांनी. त्यांचा राग मला समजतो. दोन वर्षं लिहायचा सराव नाही, हात चालत नाही, आणि एकदम ऐंशी मार्कांचा पेपर. पण ऑनलाइन? धारावीच्या दहा बाय दहाच्या खोलीतून? ज्या मोबाइलने दोन वर्षं खाल्ली त्याच्याच हातात पेपर द्यायचा? संघटनेने तिथे जाऊन बोलायला हवं होतं, तिथे एक भाऊ बोलला.

सरकारने शेवटी लेखीच घेतली. पंच्याहत्तर टक्के अभ्यासक्रम, जादा वेळ, आपल्याच शाळेत केंद्र. दहावी 96.94 टक्के. 2023 ला 93.83. गाडी रुळावर आली म्हणतात.

म्हणून आता कामाचं बोलतो. वीस मार्क अजूनही शाळेच्या हातात आहेत. तोंडी कधी झाली, वही कधी तपासली, मार्क किती दिले, हे त्याच आठवड्यात विचारा, आणि तारीख घालून लिहून ठेवा. शाळा बोर्डाला मार्क पाठवते त्याआधी ते बघायला मागा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात मागता येते, सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली तसं सांगितलेलं आहे. पण 2021 च्या मुलांकडे मागायला उत्तरपत्रिकाच नव्हती. पुढे कधी परत शाळा बंद पडल्या तर तुमच्याकडे कागद असला पाहिजे. नववीची जी पोरं मागे उभी आहेत त्यांनी सभा संपल्यावर थांबा, नावं लिहून घ्यायची आहेत. शनिवारपासून त्यांचा वेगळा वर्ग घेणार आहोत, रात्री आठला, फोन घरी ठेवून यायचं.