आराखडा आणि जोखीम
(अभियंता दिनानिमित्त भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



कला शाखेची पदवी घेऊन उभे आयुष्य बातमीदारीत घालविलेल्या माणसाने आपल्यापुढे काँक्रीटवर बोलावे, हे धाडसच आहे. आज आपण सर विश्वेश्वरय्यांचे स्मरण करतो. ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्याच महाविद्यालयातून १९४३ साली स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडलेल्या आणखी एका विद्यार्थ्याविषयी मला बोलायचे आहे. ते म्हणजे वाईजवळच्या पसरणी गावचे बाबुराव गोविंदराव शिर्के.

१९१८चा जन्म, घरची स्थिती बेताची. अशा तरुणाने पदवीनंतर सरकारी नोकरी धरावी, हाच त्या काळचा शहाणपणा. शिर्क्यांनी १९४४ साली स्वतःचा बांधकाम व्यवसाय सुरू केला. ‘ठेकेदार’ हा शब्द आपल्याकडे जरा नाक मुरडूनच उच्चारला जातो. पदवीधराने रेखांकन करावे आणि ठेकेदाराने ते उभारावे, अशी आपली वर्णव्यवस्थाच ठरून गेली आहे. शिर्क्यांनी ती मानली नाही.

त्यांची खरी झेप दिसते ती सिपोरेक्समध्ये. हे तंत्र मूळ स्वीडनचे. वाळू, सिमेंट वा चुना यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घातली की वायू निर्माण होतो आणि मिश्रण पिठासारखे फुगते. मग ते तारेने कापून उच्च दाबाच्या वाफेत पक्के करतात. साध्या काँक्रीटच्या घनमीटरचे वजन सुमारे २४०० किलो भरते. याचे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतके. शिवाय आतील हवेच्या कप्प्यांमुळे उष्णता अडते. मे महिन्यात ज्यांच्या डोक्यावर भंडाऱ्याची गच्ची तापते, त्यांना या गुणाची थोरवी वेगळी सांगायला नको!

परदेशी तंत्र आणून ते थांबले नाहीत. खांब, तुळया, छताच्या पाट्या कारखान्यात ओतायच्या आणि जागेवर आणून जोडायच्या, अशी ‘थ्री-एस’ पद्धती त्यांच्या संस्थेने रूढ केली. बळकटी, सुरक्षितता आणि वेग या तीन इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीचे क्रीडासंकुल त्यांच्याच संस्थेने उभारले. २००३ साली पद्मश्री मिळाली. २०१० साली ते गेले.

आता हे भंडाऱ्यात कशासाठी सांगायचे? आपल्या भूमीत ही परंपरा शिर्क्यांच्या कितीतरी आधीची आहे म्हणून. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी वाचून मातीच्या पाळी घातल्या, पाणी सोडायला तुडूम बसविले आणि त्या पाण्यावर धान व ऊस पिकविला. आराखडा त्यांचा, श्रम त्यांचे, जोखीमही त्यांचीच. तलाव फुटला तर स्वतःचे शेत वाहून जाणार होते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय (१९९९ पासून हा भाग गोंदिया जिल्ह्यात आहे) कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो.

मालगुजारी १९५१ साली संपली, ते योग्यच झाले. तलाव मात्र शासनाकडे गेले आणि गाळ काढण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न कागदांत अडकला. पवनी तालुक्यातील गोसीखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, तरी कालव्यांची प्रतीक्षा कित्येक गावांनी दशकानुदशके केली. यात पुनर्वसन आहे, वनभूमी आहे. सारा दोष अभियंत्यांच्या माथी मारणे अन्याय होईल. परंतु रेखांकन एकाचे, निविदा दुसऱ्याची, देखभाल तिसऱ्याची आणि पाण्याची वाट पाहणारा चौथाच, हे दृश्य आपण सारे रोज पाहतो.

येथील तरुण अभियंते पुण्याला जातात. जावेत, शिकावे. त्यांपैकी दोघा-चौघांनी परत येऊन स्वतःच्या नावाची पाटी लावली, तर काम भरपूर आहे. पाऊस ओसरल्यावर, धानाला शेवटचे पाणी सोडतात त्या दिवसांत, आपल्या तालुक्यातील एखाद्या जुन्या तलावाच्या पाळीवर जाऊन या. तुडूम चालू आहे का पाहा. बंद असेल, तर ते उघडायला काय लागेल, याचा अंदाजपत्रकासह हिशोब मांडा. तो छापण्याची जबाबदारी माझी.