विद्यापीठ : परीक्षेच्या पलीकडचे कार्य



चेन्नईतील वेस्ट मांबलम ही मध्यमवर्गाची जुनी, दाट वस्ती आहे. उपनगरी रेल्वेच्या मांबलम स्थानकाच्या पूर्वेस त्यागराय नगरची गजबजलेली बाजारपेठ, तर पश्चिमेस या वस्तीच्या अरुंद गल्ल्या, मंदिरे, खाणावळी आणि भाजीबाजार. येथील घरमालक दर सहामाहीस महानगरपालिकेकडे मालमत्ता कर भरतो. त्या कराच्या प्रत्येक रुपयामागे दहा पैसे ग्रंथालय उपकर म्हणून घेतले जातात. रक्कम लहान असल्याने तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु सार्वजनिक विद्यापीठाचे काम समाजात किती खोलवर पोहोचू शकते, याचे देशातील एक उत्तम उदाहरण या दहा पैशांत सापडते. कारण त्यांचा उगम मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

वुडच्या १८५४ च्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली, ही माहिती स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात असते. त्यांच्यापुढे लंडन विद्यापीठाचा नमुना होता, हेही असते. त्याचा अर्थ मात्र क्वचितच उलगडून सांगितला जातो. या विद्यापीठांना आरंभी स्वतःचे अध्यापक नव्हते आणि प्रयोगशाळाही नव्हत्या. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी विभागणी होती. चेपॉक येथे रॉबर्ट चिझम यांनी १८७४ ते १८७९ या काळात उभारलेले सिनेट हाउस आजही पाहणाऱ्यास थक्क करते. पण त्या भव्य सभागृहाचा मुख्य उपयोग परीक्षा आणि पदवीदान हाच होता. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने प्राध्यापक नेमण्याची आणि संशोधनास उत्तेजन देण्याची वाट मोकळी केली. कर्झनच्या या कायद्याकडे सरकारी नियंत्रण वाढविणारा कायदा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यही आहे; तथापि त्यातील संशोधनाविषयीच्या तरतुदीचा मद्रासमध्ये एक अनपेक्षित लाभार्थी निघाला.

श्रीनिवास रामानुजन हे त्यांचे नाव. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गणिताखेरीज इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयातून दिलेल्या एफ. ए. परीक्षेतही ते अनुत्तीर्ण झाले. विद्यापीठाच्या दप्तरी त्यांची नोंद नापास विद्यार्थी एवढीच होती. १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकुनी करू लागले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना लिहिलेले पत्र सर्वांना ठाऊक असते. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मद्रासमध्येच काय घडले, ते मात्र प्रशासनाची आवड असणाऱ्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावे. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी वह्या पाहून विद्यापीठाकडे शिफारस केली. गणिताच्या अभ्यास मंडळाने ती उचलून धरली. अडचण नियमाची होती. संशोधन शिष्यवृत्तीसाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक होती आणि रामानुजन यांच्याजवळ कोणतीच पदवी नव्हती. सिंडिकेटने नियमाच्या अक्षरापेक्षा कायद्याच्या उद्दिष्टाला अधिक वजन दिले आणि १ मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. अट एकच होती : दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल सादर करावा. ज्या संस्थेच्या परीक्षेने त्यांना नाकारले, त्याच संस्थेने त्यांना संशोधक म्हणून स्वीकारले. परीक्षा स्मरण आणि समतोल तपासते. नवे काही निर्माण करण्याची शक्ती तपासण्याचे साधन तिच्याजवळ नसते. विद्यापीठाला दोन्ही कामे करावी लागतात आणि मद्रास विद्यापीठाने दुसरे काम हाती घेतले, त्या घटनेला आता शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत.

आता पुन्हा त्या दहा पैशांकडे वळता येईल. १९२३ च्या कायद्याने मद्रास विद्यापीठाची पुनर्रचना होऊन अध्यापन आणि संशोधनाचे विभाग उभे राहू लागले. विभागांना ग्रंथ हवेत आणि ग्रंथांना ग्रंथपाल. जानेवारी १९२४ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील गणिताचे एक तरुण अध्यापक, शियाळी रामामृत रंगनाथन, या पदावर रुजू झाले. वर्गात रमणाऱ्या या शिक्षकास रिकाम्या ग्रंथालयातील एकांत असह्य झाला आणि थोड्याच दिवसांत त्यांनी परत जाण्याची परवानगी मागितली. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यावे, मग हवे तर परत जावे, असे त्यांना सांगण्यात आले. ते लंडनला गेले, अनेक ग्रंथालये पाहिली आणि १९२५ मध्ये परतले ते कायमचे ग्रंथपाल होऊनच. एखाद्या अधिकाऱ्याने राजीनामा तत्काळ न स्वीकारण्याचा देशाला इतका लाभ झाल्याचे दुसरे उदाहरण शोधावेच लागेल.

त्या काळी ग्रंथपालाचे काम पुस्तके सांभाळणे हे मानले जाई. हरवू नयेत म्हणून ती कुलपात असत. रंगनाथन यांनी मुक्तद्वार पद्धती आणली, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटांपाशी जावे, पुस्तक चाळावे आणि निवडावे. ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे, या विचाराची मांडणी त्यांनी १९३१ मध्ये पुस्तकरूपाने केली. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. ग्रंथपालांसाठी १९२९ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाने सुरू केलेले प्रशिक्षण दोनच वर्षांनी विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. सुरुवातीस एग्मोरच्या कॉनिमारा ग्रंथालयात आश्रयास असलेले विद्यापीठ ग्रंथालय १९३६ मध्ये मरीनाच्या किनाऱ्यासमोरील स्वतःच्या इमारतीत आले. रामानुजन यांचे चरित्रही पुढे १९६७ मध्ये रंगनाथन यांनीच लिहिले. गणिताशी त्यांचे नाते सुटले नव्हते.

पण विद्यापीठाच्या आवारातील वाचक हा त्यांच्या दृष्टीने वाचकांचा लहानसा अंश होता. १९३१ मध्ये तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी परिसरात बैलगाडीवरून फिरते ग्रंथालय सुरू झाले, ते याच चळवळीच्या वातावरणात. पुस्तक गावापर्यंत नेण्याची हौस एका देणगीदाराची असू शकते. ती टिकायची तर तिला कायद्याचा आणि कराचा आधार हवा, हे रंगनाथन यांनी ओळखले. १९३० मध्ये बनारस येथील आशियाई शिक्षण परिषदेत त्यांनी आदर्श ग्रंथालय विधेयकाचा मसुदा मांडला. तीसच्या दशकात तो तडीस गेला नाही. स्वातंत्र्यानंतर, टी. एस. अविनाशलिंगम चेट्टियार शिक्षणमंत्री असताना, मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४८ मध्ये संमत झाला. स्वतंत्र भारतातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. मूळ कायद्यात उपकर रुपयामागे सहा पै होता. पुढे तो वाढत दहा पैशांवर आला.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी येथे एक तुलना ध्यानात ठेवावी. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता, म्हणजे मद्रासच्याही आधी. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा. मात्र त्यात ग्रंथालय उपकर नाही. लोकांनी स्थापन केलेल्या ग्रंथालयांना शासनाने वर्गवारीनुसार अनुदान द्यावे, असा आपल्याकडील मार्ग आहे. मराठी वाचनालयांची शतकोत्तर परंपरा पाहता तो स्वाभाविक होता. पण अनुदान दरवर्षी मागावे लागते, तर उपकर कायद्याने मिळतो. अर्थात कायद्याने मिळणारा पैसाही हाती पडतोच असे नाही. चेन्नई महानगरपालिकेने गोळा केलेला उपकर ग्रंथालय प्राधिकरणाकडे वेळेवर पोहोचत नसल्याच्या तक्रारी अनेकदा झाल्या आहेत. तरीही शाखा ग्रंथालयांचे जाळे या पैशावर उभे राहिले, हे मान्य करावेच लागते.

संशोधनाचा दुसरा टप्पा पाहण्यासाठी मांबलमहून उपनगरी गाडीने दोन स्थानके दक्षिणेस, सैदापेट ओलांडून गिंडीस जावे लागेल. मद्रास विद्यापीठाच्या तेथील संकुलात १९५२ मध्ये तिशीतील जी. एन. रामचंद्रन भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार तेव्हा कुलगुरू होते. १९४२ ते १९६९ असा सत्तावीस वर्षांचा त्यांचा कार्यकाळ. त्वचा, अस्थी आणि स्नायुबंध यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची रचना त्या काळी अनुत्तरित होती. शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून कांगारूच्या शेपटीतील तंतूंचा नमुना मिळाला. गोपीनाथ कर्था यांच्यासमवेत रामचंद्रन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५४ मध्ये त्याची तीनपदरी सर्पिल रचना सुचविली. १९६३ मध्ये रामकृष्णन आणि शशिशेखरन या सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवून दिले, की प्रथिनाच्या साखळीतील दोन कोन कोणतीही मूल्ये घेऊ शकत नाहीत. काही मूल्यांना अणू एकमेकांवर आदळतात. शक्य आणि अशक्य कोनांचा तो आलेख ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून जगभर वापरला जातो आणि नव्याने उकललेली प्रथिनरचना आजही त्यावर पडताळली जाते. परदेशी प्रयोगशाळांच्या तुलनेत साधनसामग्री तुटपुंजी होती. परंतु शेजारी राष्ट्रीय संस्था होती, विश्वास टाकणारे कुलगुरू होते आणि विद्यार्थ्यांची फळी होती.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ च्या धोरण निवेदनात अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीने विस्तारकार्य हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग मानले. राष्ट्रीय सेवा योजना त्याआधीच, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली होती. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा साचा सर्वपरिचित आहे. गिंडीतच असलेल्या अण्णा विद्यापीठाने १ फेब्रुवारी २००४ रोजी ‘अण्णा एफएम’ हे देशातील पहिले विद्यापीठीय सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू केले. काही किलोमीटरच्या परिसरातील वस्त्यांसाठी आरोग्य, पोषण, शिक्षण अशा विषयांवर तेथून कार्यक्रम होऊ लागले. पुण्याच्या विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ केंद्र याच जातीचे. शिबिर संपते, केंद्र रोज बोलत राहते, हा त्यातला फरक.

संशोधन आणि समाज यांची गाठ कोठे पडायला हवी, याचे उदाहरण वेस्ट मांबलममध्येच आहे. तेथे लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे. त्यावरून आता कोणतेही तळे दिसत नाही. लाँग टँक हा मोठा तलाव विसाव्या शतकाच्या विशीत नगररचनेसाठी आटविला गेला आणि त्या जमिनीवर त्यागराय नगर वसले. डिसेंबर २०१५ च्या आरंभी अतिवृष्टी झाली, अड्यार नदी पात्राबाहेर आली आणि वेस्ट मांबलमसह दक्षिण चेन्नईच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. जुने नकाशे विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहेत, सुदूर संवेदन आणि जलविज्ञान यांचे तज्ज्ञ गिंडीत आहेत आणि पाण्याची पातळी भिंतीवर दाखवू शकणारे रहिवासी मांबलममध्ये. सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी केलेली घरोघरची नोंद संशोधकाच्या नकाशावर आली, तर तिचे मोल केवळ सेवेच्या तासांत मोजावे लागणार नाही.

यासाठी विद्यापीठ सुस्थितीत असावे लागते, आणि अलीकडची वर्षे मद्रास विद्यापीठास कठीण गेली. एकेकाळी दक्षिण भारताच्या फार मोठ्या भागावर असलेले त्याचे कार्यक्षेत्र म्हैसूर (१९१६), आंध्र (१९२६) आदी नवी विद्यापीठे निघत गेली तसे आकसले. ते विकासाचेच लक्षण होते. चिंता वेगळी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कुलगुरूंची मुदत संपल्यावर राज्यपाल आणि राज्य शासन यांच्यातील मतभेदांत पुढील नियुक्ती दीर्घकाळ रखडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्राप्तिकराच्या वादातून विद्यापीठाची बँक खाती काही काळ गोठविली गेली. एकूण खर्चात शासकीय अनुदानाचा वाटा घटल्यावर सार्वजनिक विद्यापीठ करसवलतीस पात्र राहते काय, असा मूलभूत प्रश्न त्या वादातून पुढे आला.

विद्यापीठाचे विभाग चेपॉक, मरीना, गिंडी, तरमणी अशा निरनिराळ्या संकुलांत विखुरलेले आहेत. बहुसंख्य विद्यार्थी मात्र शंभराहून अधिक संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्यापैकी मांबलमच्या गल्लीत राहणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ म्हणजे आजही प्रवेशपत्र आणि गुणपत्रक. १८५७ चा नमुना त्याच्यापुरता बदललेला नाही. पुण्याच्या गणेशखिंडीतील ४११ एकरांचे हिरवे आवार तेथे राहून शिकणाऱ्याला जे देते, ते नाशिक वा अहिल्यानगरच्या संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्यास मिळत नाही. स्थिती तीच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने संलग्नीकरणाची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे म्हटले आहे. तोवर थांबण्याचे कारण नाही. संलग्न महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात कपाटांपर्यंत प्रवेश द्यावा, प्रयोगशाळांनी आठवड्यातील एक दुपार या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी आणि संशोधन प्रकल्पांत माहिती गोळा करण्याचे काम त्यांना मानधनासह द्यावे. यातील पहिल्या सूचनेस तर नव्या इमारतीची गरज नाही आणि नव्या कायद्याचीही नाही.