स्वागताध्यक्षीय भाषण : कृष्णपदार्थाचा क्षय आणि गॅमा किरण

आकाशगंगेतून येणाऱ्या गॅमा किरणांपैकी बहुतेकांचा उगम ठाऊक आहे. विश्वकिरण ताऱ्यांमधल्या वायूवर आदळतात, स्पंदक फिरतात, स्फोट झालेल्या ताऱ्यांचे अवशेष धगधगतात. हे सारे वजा केल्यावर जे उरते त्यात फुटणाऱ्या कृष्णपदार्थाचा वाटा किती, हा या परिषदेचा विषय. त्यासाठी केज तालुक्यातील नांदूरघाट येथे आलेल्या अभ्यासकांचे, शिक्षकांचे व विद्यार्थ्यांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत. आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत आहे. आषाढातल्या मध्यरात्री ती राशी या गावाच्या दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे 40 अंश वर येते. पण आषाढात निरभ्र आकाशाची इच्छा बीड जिल्ह्यात कोणी उघडपणे बोलून दाखवत नाही.

कृष्णपदार्थ नेहमीच्या पदार्थाच्या पाचपटीहून अधिक आहे. त्याच्या कणाचे सरासरी आयुष्य विश्वाच्या 13.8 अब्ज वर्षांहून कितीही मोठे असले, तरी कण इतके अगणित की काही ना काही सतत फुटत राहणार. दोन कण आदळून नष्ट होणे ही निराळी शक्यता. तो प्रकाश घनतेच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून केंद्रापाशी दाटतो. क्षयाचा प्रकाश मात्र नुसत्या घनतेच्या प्रमाणात असल्याने आकाशभर पसरतो. 2008 मध्ये अवकाशात गेलेल्या फर्मी दुर्बिणीच्या नोंदींत केंद्राभोवती जादा गॅमा किरण आढळले. ते तेथे इतके एकवटलेले आहेत की क्षयाचे स्पष्टीकरण त्यांना बसत नाही. खरा वाद कणांची टक्कर आणि मिलिसेकंद स्पंदक यांच्यात आहे.

क्षय शोधायचा तर वस्तुमान जेथे भरपूर, तेथे पाहावे. म्हणजे दीर्घिकांच्या समूहांकडे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘मेस’ दुर्बीण लडाखमधील हानले येथे सुमारे 4,270 मीटर उंचीवर आहे. तिचा आरसा 21 मीटर व्यासाचा. गॅमा किरण वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव होतो आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती निळसर चमक उठते. ती 1,088 प्रकाशनलिकांचा कॅमेरा टिपतो. ययाती समूहाच्या मध्यावरील एनजीसी 1275 या दीर्घिकेचे भडके मेसने नोंदवले आहेत. अडचण अशी, की त्याच झगमगाटात क्षयाचा मंद प्रकाश हरवतो.

क्षयाची खात्रीशीर खूण अद्याप कोणत्याही दुर्बिणीला सापडलेली नाही. हे न सापडणेही मोजमापच ठरते : अनेक संभाव्य क्षयमार्गांसाठी कणाचे आयुष्य 10²⁷ सेकंदांहून अधिक, म्हणजे विश्वाच्या वयाच्या अब्जावधी पट असले पाहिजे.