सध्या काय करतोस?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज आम्हाला बोलायचे आहे ते दाराशी उभे आहेत त्यांच्याबद्दल. पदवी हातात आहे, वय पंचविशीच्या पुढे गेले आहे आणि पुढे काय, ते कळत नाही. लग्नाला गेले की मामा-काका विचारतात, "सध्या काय करतोस?" पोरगा म्हणतो, "अभ्यास करतो." दुसऱ्या वर्षी तेच उत्तर, तिसऱ्या वर्षी तो लग्नालाच येत नाही. मग विहारातही दिसेनासा होतो. मुलींना तर हा प्रश्नसुद्धा विचारत नाहीत, थेट स्थळाचेच बोलतात.

"तुमच्या वयात आम्ही घर चालवत होतो," असे आपण म्हणतो. खरे आहे. पण आपल्या आजा-पणजांना काय करावे हा प्रश्न पडला नव्हता, कारण गावाने त्याचे उत्तर ते जन्मण्याआधीच देऊन ठेवले होते. येसकरकी करा, सांगावा पोचवा, मेलेले ढोर ओढा. वतनाच्या या जुवाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेब गेल्यानंतर. मुंबईत गिरणीत आलो तरी जास्त पगाराच्या विणकाम खात्यात आपल्याला घेत नसत. कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे, त्याचा म्हणे विटाळ व्हायचा! तेव्हा "मी काय करू?" हा प्रश्न आपल्या पोरांना पडतो, ही मोकळीक लढून मिळालेली आहे. तिच्याबरोबर गोंधळही आला. पोरगं वाया गेलं असा त्याचा अर्थ काढू नका.

आई-वडिलांचेही आम्हाला कळते. १९८२ च्या गिरणी संपात ज्यांनी घरातली भांडी विकलेली पाहिली, त्यांना "परमनंट" या शब्दाइतका गोड शब्द दुसरा नाही. रेल्वे, महापालिका, बँक यांच्या नोकऱ्यांनीच आपली घरे उभी राहिली. म्हणून स्पर्धा परीक्षेला बसूच नका असे आम्ही कधीही सांगणार नाही. साहेबाच्या खुर्चीत आपला माणूस असलाच पाहिजे. पण राज्यसेवेला मागासवर्गीयांसाठी वयाची मर्यादा ४३ आहे, याचा अर्थ ४३ वर्षांपर्यंत अभ्यासिकेतच बसायचे असा नव्हे. जागा थोड्या आणि अर्ज लाखांनी. किती प्रयत्न करायचे ते घरात बसून आधीच ठरवा आणि तेवढ्या काळात हाताला दुसरे एखादे काम शिकवून ठेवा. हे ठरवताना पोराला बोलू द्या. बहुतेक घरांत त्याच्याविषयी सगळे बोलतात, तो एकटा गप्प असतो.

तथागतांचे पाहा. २९ व्या वर्षी घर सोडले, बोधी मिळाली ३५ व्या वर्षी. मधल्या काळात आधी आलार कालामांकडे शिकले. त्यांनी बरोबरीचे स्थान देऊ केले, तरी हे आपल्याला हवे ते नव्हे असे दिसताच निघाले. पुढे उद्दक रामपुत्त. मग उरुवेलेला शरीर सुकेपर्यंत तप. तेही उपयोगाचे नाही असे पटले तेव्हा अन्न घेतले, तर बरोबरचे पाचही सोबती हा ढिला पडला म्हणून सोडून गेले. वाट बदलणाऱ्याला लोक तेव्हाही नावे ठेवत. त्याच पाचांना पुढे सारनाथला पहिला उपदेश मिळाला, हे आपण दर आषाढीला ऐकतो.

बाबासाहेबांचे ध्येय पक्के होते, त्यांना आम्ही गोंधळलेल्यांत धरत नाही. पण पोटाची वाट त्यांनाही पुन्हा पुन्हा बदलावी लागली. १९१७ साली बडोद्यात नोकरी, तिथे राहायला जागा मिळेना. मुंबईत येऊन शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला, जात कळल्यावर गिऱ्हाईक येईना. शिकवण्या केल्या. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९२० साली ती पगाराची नोकरी सोडून अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. आजच्या चाळीत असते तर म्हातारी माणसे म्हणाली असती, "चांगली नोकरी सोडली, वेडा झाला."

अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. शस्त्र, माणसे, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार करू नये असे उपासकांना सांगितले आहे. बाकीचे सगळे मोकळे आहे. वायरमन, नर्स, शिंपी, वकील, दुकानदार, यांत हलके-भारी कुठेच लावलेले नाही. ते आपण लावतो, कॉलर पांढरी की निळी यावर.

कमिटीला आम्ही एक विनंती केली आहे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर वस्तीतल्याच कामकरी माणसांनी तासभर बसावे. सिस्टरबाईंनी रात्रपाळी कशी असते ते सांगावे, कोर्टातल्या भाऊंनी पहिली पाच वर्षे काय मिळते ते सांगावे, खरा पगार सांगावा, फुगवून नको. तरुणांनी वाटेल ते विचारावे. पण "सध्या काय करतोस?" हे त्या तासात कुणी कुणाला विचारायचे नाही. ज्यांना येऊन सांगता येईल त्यांनी आज जाताना कमिटीच्या वहीत नाव लिहावे.

जयभीम.