डॉ. अन्सारींची डिग्री कुणाच्या कामी आली?

(हिंजवडी, ता. मुळशी येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



आपल्यापैकी बरेच जण इथल्या आयटी पार्कमध्ये काम करतात. चहाच्या टपरीवर जर्मनी, आयर्लंड, कॅनडाचा विषय निघतोच. जावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी आज युरोपात नाव कमावून परत आलेल्या एका माणसाबद्दल बोलणार आहे: डॉ. मुख्तार अहमद अन्सारी.

जन्म १८८०, गाझीपूर जिल्ह्यातलं युसुफपूर. मद्रासला वैद्यकीय शिक्षण, मग एडिंबरा. पुढे लंडनच्या लॉक आणि चेरिंग क्रॉस या हॉस्पिटलांत काम. गुलाम देशातल्या डॉक्टरने तिथे जागा मिळवणं सोपं नव्हतं. तरी १९१० मध्ये ते परतले आणि दिल्लीत दवाखाना थाटला.

दोनच वर्षांत बाल्कन युद्ध पेटलं. तुर्कस्तानच्या जखमी सैनिकांसाठी इथले मुसलमान हळहळत होते, सभा घेत होते. अन्सारींनी डॉक्टर आणि मदतनीसांचं पथक उभं केलं आणि डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईहून जहाजाने नेलं. आज आपण गाझाचं दुःख मोबाईलवर पाहतो, स्टेटस ठेवतो. ती भावना खोटी नाही. अन्सारींनी अशाच भावनेला औषधं आणि मलमपट्टी जोडली.

‘तू आधी मुसलमान की आधी भारतीय?’ हा प्रश्न तुम्हालाही कुणी ना कुणी विचारला असेल. अन्सारी १९२० मध्ये नागपूरला मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि १९२७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे. स्वतंत्र मतदारसंघ सोडून संयुक्त मतदारसंघ घ्यावेत, असं ते म्हणाले, तेव्हा समाजातल्याच पुष्कळांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. त्यांनी ना समाज सोडला, ना आपलं मत.

१९२४ मध्ये खुद्द तुर्कांनीच खिलाफत रद्द केली. इथली चळवळ ओसरली, निधी आटला. १९२० मध्ये अलिगढला सुरू झालेली जामिया मिल्लिया बंद पडायच्या बेतात होती. हकीम अजमल खान आणि अन्सारींनी ती १९२५ मध्ये दिल्लीला आणून जगवली. हकीमसाहेब गेल्यावर अन्सारी कुलपती झाले, ते १९३६ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत. घोषणा विरून गेल्या, विद्यापीठ मात्र आजही उभं आहे.

आपल्या पुण्याशीही त्यांचं नातं आहे. मे १९३३ मध्ये गांधीजींनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर येरवड्याच्या पर्णकुटीत एकवीस दिवसांचा उपवास केला. २९ मे रोजी तो सुटला, तेव्हा डॉ. अन्सारी तिथे होते. त्यांनी कुराणातल्या आयती म्हटल्या. दलितांच्या प्रश्नाला ते ‘त्यांचा प्रश्न’ म्हणाले नाहीत.

आता आपलं. आपण डॉक्टर नाही, पण फॉर्म भरता येतात, पोर्टल कळतं, इंग्रजी वाचता येतं. मुळशीच्या गावांत आणि इथल्या मजूर वस्त्यांत महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं न जमल्याने उपचार अडलेली माणसं आहेत, शिष्यवृत्तीची तारीख हुकलेली मुलं आहेत. महिन्यातला एक रविवार त्यांना देऊ. समोरच्याचं नाव अब्दुल आहे की तुकाराम, हे फॉर्मवर लिहिण्यापुरतंच विचारायचं.

आज जाताना कोण कुठल्या रविवारी येणार, तेवढं वहीत लिहून जा.